घंटा देवळात, बिल्ला गहाणात

२०२५ च्या ऑगस्टात प्रभादेवीला पु. ल. देशपांडे कला अकादमीत एक तलवार लोकांना बघण्यासाठी मांडली होती. नागपूरकर भोसल्यांपैकी पहिल्या रघुजींची. त्याच वर्षी एप्रिलात ती लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारनं ४७ लाख १५ हजार रुपये मोजून ती सोडवून आणली. मी बघायला गेलो. बरोबर नायगावचा एक पोरगा होता. चळवळीतला आहे. वाचतो, भांडतो, सभेच्या सतरंज्याही उचलतो. तलवार बघून बाहेर आलो, टपरीवर कटिंग घेतली, तेव्हा तो म्हणाला, "काका, ह्यांच्याकडं तलवारी हायत, वाघनखं हायत, तोफा हायत. लढायला तर आपली माणसं पण होती. मग आपल्याकडं काय हाय?"

मी म्हणालो, "भीमा कोरेगावचा खांब आहे की."

"तो सरकारनं बांधला. मी घरातलं विचारतोय. लढाईवरनं आपल्या माणसानं घरी काय आणलं?"

चहा संपला तरी मला उत्तर सुचलं नाही. हा लेख म्हणजे त्या पोराला उशिरा दिलेलं उत्तर. पुरं पडेल असा दावा नाही. पण प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही म्हणून इथं छापायला देतो. आपण समीक्षा म्हटली की कवितासंग्रह नाहीतर कादंबरी एवढंच धरतो. घरातल्या वस्तूची समीक्षा कोण करणार? पुस्तक वाचता येतं तशी वस्तूही वाचता येते. कुणी बनवली, कुणी हिसकावली, कुणी पुजली, कुणी विकली, हे तिच्या अंगावर लिहिलेलं असतं.

०००

आधी तलवारच वाचू.

पातं युरोपात घडवलेलं, सरळ, एका धारेचं. मराठे अशा तलवारीला फिरंग म्हणत. त्या परक्या पात्यावर मुठीजवळ सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचं नाव आहे. म्हणजे लोखंड परक्याचं, नाव आपलं. १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईत नागपूरकर हरले, कंपनीनं नागपूरचा खजिना लुटला, आणि त्याच धामधुमीत ही तलवार साहेबाच्या हाती गेली असं मानलं जातं. साहेबाच्या मुलखात ती जपली गेली, पुसली गेली, आणि दोनशे वर्षांनी लिलावात निघाली.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. लढाईतली वस्तू शौर्याच्या जोरावर टिकत नाही. तिला ठेवायला जागा लागते. साहेबाला वाडा होता, भिंत होती, कुलपाचं कपाट होतं. वस्तू दोनशे वर्षं टिकायची तर ती ठेवणारं घर दोनशे वर्षं टिकावं लागतं. ज्याचं घर दर पावसाळ्यात गळतं, ज्याला गावकी वाटेल तेव्हा उठवू शकते, ज्याला दुष्काळात बोचकं बांधून मुंबईची वाट धरावी लागते, त्याची वस्तू किती पिढ्या टिकणार? आपले पांढरपेशे मित्र म्हणतात, दलितांनी आपला वारसा जपला नाही. अरे बाबांनो, वारसा टांगायला आधी खुंटी लागते आणि खुंटीला भिंत लागते.

०००

आता घंटा.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेनं पोर्तुगीजांकडून वसई घेतली. लढाई घनघोर झाली, दोन्हीकडची माणसं ढिगानं मेली. वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून फौजेनं आणल्या आणि त्या महाराष्ट्रात ठिकठिकाणी देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला एक आहे. नाशिकला पंचवटीत, गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळात एक आहे. देऊळ १७४७ चं, आणि घंटेवर साल आहे १७२१. म्हणजे देवाच्या घरापेक्षा घंटा वयानं मोठी. खणखणीत आवाजाच्या माणसाला नाशिककडं ‘नारोशंकराची घंटा’ म्हणायची रीत आहे.

ही घंटा वाचा. ओतली किरिस्तावानं. वाजवली किरिस्तावानं. तिचा आवाज ऐकून ज्यांनी गुडघे टेकले ते गोमांस खाणारे. अशी ही घंटा वसईहून निघाली, घाट चढली, देवळाच्या दारी जाऊन बसली आणि धर्म बुडाला नाही. तिच्या स्पर्शानं कुणाला अंघोळ करावी लागली नाही. उलट तिला हात लावून लोक तो हात कपाळाला लावू लागले. परधर्माचा धातू सोवळ्यात घेतला गेला.

आता त्याच पंचवटीत पुढं या. तारीख २ मार्च १९३०. नारोशंकराच्या देवळापासून जवळच काळाराम मंदिर. बाबासाहेबांच्या हुकमानं हजारो बाया-बापे दाराशी आले. दादासाहेब गायकवाड आघाडीला. दारं बंद. हा सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला, डोकी फुटली, पण दार उघडलं नाही. चर्चची घंटा आत बसली होती आणि रामाचं नाव घेणारा माणूस बाहेर उन्हात उभा होता.

मग विटाळ नावाची गोष्ट नेमकी कशाला चिकटते? धातूला नाही, लुटीला नाही, परधर्मालाही नाही. ती फक्त माणसाला चिकटते, आणि तीही ठरावीक माणसाला. म्हणून मी म्हणतो, लढाईवरून वस्तू येते तेव्हा ती आधी कुणाच्या तरी जातीत जाते. मोठ्या जातीत गेली तर तिची घंटा होते, तलवार होते. आमच्यात आली तर?

आमच्यात आली तर काय होतं ते सांगायला मला माझीच ट्रंक उघडावी लागेल.

०००

नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली. १६० चौरस फूट, माणसं नऊ, आणि खाटेखाली काळी पत्र्याची ट्रंक. माझा आजा सातारा जिल्ह्यातला. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आलेला. १४ एप्रिलला सकाळी तो ट्रंक उघडायचा, म्हणून आतलं सगळं मला पाठ आहे. दोन पदकं. आजा त्यांना बिल्ले म्हणायचा. घड्यांवर फाटलेला डिस्चार्जचा इंग्रजी कागद, त्यात जातीचाही रकाना. आणि तोफेच्या गोळ्याचं पितळी टरफल, वीतभर उंचीचं. आजी त्यात पळ्या आणि उलथनं ठेवायची, त्यामुळं ते ट्रंकेत कमी आणि स्टोव्हपाशी जास्त असायचं.

एक बिल्ला चांदीचा. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला नागडा माणूस. त्यावरून आम्ही पोरं खिदळायचो. दुसरा ब्राँझचा, त्यावर पंखवाली बाई. पाचवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा मी चांदीच्या बिल्ल्याची कड वाचली. तिच्यावर बारीक अक्षरं ठोकलेली होती. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. आज्याला इंग्रजी येत नव्हतं, पण आपलं नाव कुठं आहे ते त्याला बोटानं ठाऊक होतं. तिथं अंगठा फिरवून तो म्हणायचा, "हितं मी हाय."

हितं मी हाय. हे वाक्य मी साठ वर्षांत विसरलो नाही. गावात त्याचं नाव कुठं होतं? जमिनीच्या उताऱ्यावर नव्हतं. देवळाच्या वर्गणीदारांच्या पाटीवर असण्याचा प्रश्नच नव्हता. महायुद्ध संपल्यावर सरकारनं गावोगाव दगड बसवले, ते अजून बऱ्याच गावांत दिसतात. या गावातून एवढे लोक १९१४ ते १९१९ च्या लढाईला गेले, पैकी एवढे मेले. गावाच्या वाट्याला आकडा आला. त्या आकड्यात कोण कोण हे दगड सांगत नाही. महारवाड्यातून गेलेला माणूस त्या आकड्यात मिळून गेला. त्याचं नाव राहिलं ते बिल्ल्याच्या कडेवर, परक्या लिपीत, चष्मा लावल्याशिवाय दिसणार नाही इतक्या बारीक अक्षरांत. रघुजींनी परक्या पात्यावर आपल्या लिपीत नाव घातलं. आज्याचं नाव परक्या राजानं परक्या लिपीत घातलं, आणि ज्याचं नाव त्यालाच ते वाचता आलं नाही.

शेजारच्या खोलीत आणखी एक म्हातारा होता. तोही बसऱ्याचा. त्याच्याकडं एकच बिल्ला. तोच राजा, तोच घोडा, पण रंग तांबूस. आम्हाला वाटायचं काळा पडलाय. एकदा आम्ही तो चिंचेनं घासला. लखलखीत झाला, पण पांढरा होईना. होणारच नव्हता. म्हातारा बंदूक घेऊन गेला नव्हता, लेबर कोअरमध्ये ओझी वाहायला गेला होता. त्या महायुद्धाचं ते एकच पदक दोन धातूंत काढलं होतं. लढणाऱ्याला चांदीचं. मजूर-हमालांच्या तुकड्यांना ब्राँझचं. बसऱ्याचं ऊन दोघांना तेच, ताप तोच, मरणही तेच. पण पदकाला वर्ण होते. साहेबाला हे शिकवायला मनूची गरज पडली नाही.

लढाईवरून आल्यावर आजा गिरणीत लागला. चांगला पगार विणखात्यात. पण विणखात्यात महाराला घेत नसत. कांडी बदलली की धोट्यातून धागा तोंडानं ओढून काढावा लागे, आणि महाराच्या तोंडचा धागा बाकीच्यांना चालत नसे. मुंबईच्या गिरण्यांत ही सरसकट रीत होती. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला, तो त्यासाठीच. राजासाठी मरायला जो माणूस चालला तो धाग्याला तोंड लावायला चालला नाही. चांदीचा बिल्ला खिशात असून आजा जन्मभर कमी पगाराच्या खात्यात राहिला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आजा तोवर गेला होता. बाप संपावर. पहिल्यांदा भांडी गेली, त्यांतच ते पितळी टरफल गेलं. मग आजीच्या कानातलं. मग चांदीच्या बिल्ल्याची पाळी आली. बापाचा हात ट्रंकेकडं जाईना. ऐंशीच्या घरातली आजी उठली आणि म्हणाली, "राजाचं त्वांड चाटून प्वाट भरतंय व्हय रं?" बिल्ला तिनंच काढून दिला. सराफानं तराजूत टाकला. राजाचं डोकं, नागडा घोडेस्वार, कडेवरचं आज्याचं नाव, सगळं एका वजनात गेलं. आम्ही गहाण म्हणून ठेवला होता. संप सुटला नाही, बिल्लाही सुटला नाही. ब्राँझचा बिल्ला सराफानं उलटापालटा करून परत दिला. शेजारच्या म्हाताऱ्याचाही कुणी घेतला नाही. त्यामुळं आमच्या मजल्यावर आज लढाईचं म्हणून जे उरलंय ते सगळं ब्राँझ. बाजाराला नको होतं म्हणून उरलंय.

हा प्रसंग मी कितीदा तरी लिहायला घेतला. दर वेळी तो रडका व्हायचा, म्हणून फाडून टाकला. आता वाटतं, त्या दिवशी आमच्या घरात एकच माणूस समीक्षा करत होतं, ते म्हणजे आजी. आजा बसऱ्याला असताना गावात राबली ती. त्याची वाट बघितली तिनं. तिला कुणी बिल्ला दिला नाही. त्यामुळं बिल्ल्याची किंमत तिला अचूक कळत होती. पोरांच्या पोटापेक्षा ती जास्त नव्हती.

०००

आपल्या साहित्यात ही वस्तू कुठं येते?

अण्णा भाऊंची ‘फकिरा’ घ्या. १९५९ ची. बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. त्यात राणोजी मांग शिगावची जोगणी वाटेगावला आणायला जातो. जोगणी ज्या गावात येते त्या गावात जत्रा भरते. राणोजी ती मिळवतो आणि जिवानिशी जातो. या प्रसंगाला सगळे शौर्याचा प्रसंग म्हणतात. शौर्य आहेच. पण मला त्यात हिशेब दिसतो. जिंकून आणलेली वस्तू गावाची, तिच्यापायी पडलेलं डोकं मांगाचं. जत्रेत नारळ फुटणार, पेढे वाटले जाणार, आणि ज्या घरातून माणूस गेला ते घर गावकुसाबाहेरच राहणार. वसईच्या घंटेचं कोडं अण्णा भाऊंनी असं सोडवून ठेवलं आहे. विजयाची खूण कोण आणतो आणि ती कुणाच्या अंगणात बसते, एवढंच विचारलं की गावगाडा उघडा पडतो.

फकिरानंतर आपली आत्मकथनं आली. त्यांत भूक आली, शिळं तुकडं आलं, मेलेलं ढोर आलं. ती सगळी खरी. पण खाटेखालची ट्रंक म्हणावी तशी आली नाही. आपण ‘नसलेल्यांचं’ साहित्य लिहिलं. ते लिहिताना ज्या दोन-चार वस्तू होत्या त्या आपणच किरकोळ धरल्या. गिरगावच्या नाहीतर दादरच्या दिवाणखान्यात तलवार असली की कथेत ती ‘पूर्वजांची आठवण’ होते. दसऱ्याला तिला झेंडू वाहतात. आमच्या ट्रंकेतला बिल्ला मात्र कथेत ‘सामान’ होतो. ही नजर आपली नाही. ती उसनी आहे, आणि उसनी आहे हे आपल्याला कळतही नाही.

०००

वस्तू कशी वाचायची हे ज्यानं शिकवलं त्याच्याकडं येऊ.

१ जानेवारी १८१८ ला कोरेगावची लढाई झाली. खांबाचा पाया १८२१ साली घातला. त्यावर कंपनीच्या फौजेची बढाई आहे आणि पडलेल्या शिपायांची नावं आहेत. त्यांतली बावीस नावं शेवटी ‘नाक’ असलेली, म्हणजे महारांची. दगड तिथंच उभा होता आणि १८९२-९३ च्या सुमाराला इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. ‘लढाऊ जाती’ नावाचं खूळ त्यांनी काढलं, आणि ज्यांची नावं त्यांच्याच दगडावर होती त्यांना बिनलढाऊ ठरवलं. दगड काही बोलला नाही. दगड बोलत नसतात.

बोलली माणसं. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली भरतीसाठी अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट विलायतेत भारतमंत्र्यांकडं अर्ज धाडला. त्या अर्जांतला मुख्य मुद्दा काय? आमचे बापजादे तुमच्या फौजेत लढले, मग आम्हाला दार बंद का? म्हणजे आपल्या माणसांनी लढाईची आठवण पहिल्यांदा वापरली ती पुरावा म्हणून. तिला हार घालत ते बसले नाहीत. १९१७ साली, महायुद्धात माणसं कमी पडल्यावर, १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज संपताच सरकारनं ती मोडली.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावला आले. त्यांच्या त्या भाषणाचा रोख नीट समजून घ्या. इंग्रजांच्या बाजूनं लढलो यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही, पण ज्यांना आपल्याच लोकांनी कुत्र्या-मांजरापेक्षा हलकं वागवलं त्यांनी दुसरीकडं जायचं नाही तर काय करायचं? आणि ज्या सरकारसाठी लढलो त्यानं दार का लावलं? एकाच दगडासमोर उभं राहून त्यांनी दोघांनाही जाब विचारला. तिथून अडीच महिन्यांत, १९ आणि २० मार्चला, महाडची परिषद आणि चवदार तळं. महाडच्या भाषणातही लष्करबंदीचा विषय होता. दगड बघून माणूस तळ्यावर गेला. आपण दगड बघून घरी जातो.

पुढं जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात कोरेगावचा खांब होता. रणांगणावरची आठवण अशी शिपायाच्या डोक्यावर चढली. नंतर कधीतरी तो खांब काढून तिथं खंजीर बसवला. आपले काही मित्र यावरून हळहळतात. मला त्यांच्याइतकं वाईट वाटत नाही. बिल्ल्यावरची खूण गेली, पण भरती राहिली, पगार राहिला, पेन्शन राहिली.

पेन्शन हा शब्द मुद्दाम वापरला. त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर या शब्दात आहे.

०००

लोअर परळची डबक चाळ. एका खोलीत सुभेदार रामजी सकपाळ आणि त्यांचं कुटुंब. पोराला वाचायचं वेड. पुस्तकाला पैसे नसले की रामजी लेकीकडं जायचे. तिच्याकडं पैसे नसले तर तिचा दागिना मागून आणायचे, गहाण टाकायचे, पुस्तक घ्यायचे, आणि पेन्शन आली की दागिना सोडवून परत द्यायचे. ही हकीकत आपण सगळे भाषणात सांगतो. पण तिच्यातली पेन्शन आपण ऐकत नाही. पेन्शन होती म्हणून गहाण सुटत होतं. आणि पुस्तकाची किंमत रामजींना कळली कुठं? पलटणीत. त्या फौजेत शिपायांच्या पोरांना शिकवायची सक्ती होती. रामजी स्वतः पलटणीच्या शाळेत १४ वर्षं हेडमास्तर होते.

आता आमची खोली आणि ती खोली शेजारी ठेवा. दोन्ही गिरणगावातल्या. दोन्ही घरांत लढाईहून आलेला माणूस. दोन्ही घरांत गहाण. तिथलं सुटलं, आमचं बुडालं. फरक शौर्याचा नाही आणि अकलेचा तर नाहीच. रामजी भरतीबंदीच्या आधी पलटणीत गेले, पुरी नोकरी केली, अक्षर आणि पेन्शन घेऊन आले. माझ्या आज्याला बंदीनंतर, गरजेपुरतं, लढाई संपेपर्यंत घेतलं आणि नंतर सोडून दिलं. त्याच्या हाती बिल्ला आला. ज्याला पेन्शन द्यायची नसते त्याला बिल्ला देतात. बिल्ला स्वस्त पडतो.

तेव्हा पोरा, लढाईवरून आपल्या माणसानं घरी काय आणलं म्हणून विचारशील, तर ज्याला हक्कानं नोकरी मिळाली त्यानं अक्षर आणलं. ते भिंतीला टांगता येत नाही, लिलावात निघत नाही, सराफाच्या तराजूत बसत नाही. त्या अक्षरातून पुढं काय झालं ते तुला सांगायला नको. बाकीच्यांनी नाव कोरलेला धातू आणला, आणि तोही पोटानं खाल्ला.

०००

आता आजचं.

६ डिसेंबरला चैत्यभूमीला येणाऱ्या गर्दीत, शिवाजी पार्कच्या गाळ्यांत, पुस्तकांशेजारी विजयस्तंभाच्या छोट्या प्रतिकृती विकायला असतात. लोक घेतात, घरी शोकेसमध्ये ठेवतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. ज्यांच्या घरात आठवणीची वस्तूच उरली नाही ते विकत घेणारच. १ जानेवारी २०१८ ला कोरेगावला जाणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला झाला, ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला. त्यानंतर तो खांब घरात ठेवणं हाही एक जबाब आहे. पण सावध राहा. वस्तूला हार घातला की ती प्रश्न विचारायची थांबते. बाबासाहेबांनी त्या दगडाला प्रश्न विचारायला लावलं होतं.

दुसरीकडून काही शहाणे म्हणतात, ही साम्राज्याची पदकं, गुलामीची खूण, फेकून द्या. त्यांना माझं सांगणं एवढंच, की फेकायचा अधिकारही ती वाचल्यावर मिळतो. बसऱ्यात ज्यांच्यावर गोळी झाडली तेही कुणाचे तरी आजे होते. हेही त्या बिल्ल्यावर आहे, आणि तेही वाचावं लागेल. पण ज्यांच्या घरात वसईची घंटा वाजते त्यांनी आम्हाला लुटीचं पाप शिकवू नये.

आणि शेवटची गोष्ट, जी माझ्या मते सगळ्यांत निकडीची आहे. ज्या महिन्यात प्रभादेवीला ती तलवार मांडली, त्याच ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून २०७ चाळी बांधल्या होत्या. १६० फुटांतून ५०० फुटांत माणूस जातो ही चांगलीच गोष्ट आहे. आमच्या तीन पिढ्या खाटेखाली झोपल्या. पण घर बदलायच्या दिवशी खाटेखालची ट्रंक नव्या घरात जात नाही. ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते. तिथून बिल्ला चोर बाजारात, तिथून एखाद्या शौकिनाच्या डबीत. कडेवरचं नाव आणि पलटण बघून तो किंमत करील. नावाच्या माणसाशी त्याला काही देणं-घेणं नसेल. शंभर वर्षांनी सरकार लंडनच्या लिलावात जाऊन माझ्या आज्याचं ब्राँझ सोडवून आणील, या भ्रमात कुणी राहू नये.

म्हणून काम सांगतो. कविता नंतर लिहा. आपापल्या मजल्यावर जा. ट्रंका उघडायला सांगा. बिल्ल्याची कड वाचा, नंबर आणि नाव जसंच्या तसं वहीत उतरवा. डिस्चार्जच्या कागदाची नक्कल करा. म्हाताऱ्या बायांना विचारा, कारण बाप्ये लढाई सांगतात, बाया गहाण सांगतात. कुणाचा बिल्ला कुठल्या साली कशासाठी गेला, औषधाला गेला, फीला गेला, की संपात गेला, तेही लिहा. तोही लढाईचाच इतिहास आहे. जे सापडेल ते मसाला न लावता या अंकाकडं पाठवा.

आणि पोरा, तू रविवारी आमच्या चाळीत ये. शेजारच्या म्हाताऱ्याचा बिल्ला त्याच्या सुनेनं अजून ठेवलाय. येताना भिंग आण. कड फार बारीक असते.